बोटीत बसण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

जुलैत नाशिकहून आलात की इथे इंग्लंडातल्या डार्ट नदीवरच्या किंग्जवेअर कॅसल या वाफेवर, बाजूच्या चाकांनी चालणाऱ्या बोटीतून जायचं आहे. बाबा, फोनवर विचारलंत, बोट १९२४ची तर इंजिन १९०४चं कसं? आधीच्या बोटीचं इंजिन काढून हिच्यात बसवलं. कोळसा अजून हातानेच घालतात.

तुमच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाची पूड हवेबरोबर आत फुंकायचे, इथे फावडं. थोडा थोडा, पण वरचेवर. एकदम ढीग टाकला की जाळ दबतो, काळा धूर निघतो, वाफ उतरते. आई, चुलीत लाकडं कोंबल्यावर होतं तेच. खरी नजर ठेवायची ती बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेवर. पाणी फार उतरलं तर भट्टीचा माथा उघडा पडून मऊ होतो. फार चढलं तर वाफेबरोबर सिलिंडरात जातं, आणि पाणी काही दाबलं जात नाही, झाकणच फुटतं. म्हणून निघण्याआधी सिलिंडरचे कॉक, म्हणजे छोट्या तोट्या, उघडून साचलेलं पाणी काढतात. मोठ्याने फुसफुसतं, दचकू नकोस.

चाकं मात्र नीट बघा. पाणी मागे लोटणाऱ्या फळ्या आऱ्यांना घट्ट ठोकलेल्या नसतात. चाकाच्या मध्यापासून जरा सरकवून एक फिरती कडी बसवलेली असते, तिच्यातून प्रत्येक फळीला दांडा जातो. त्यामुळे फळी पाण्यात शिरताना आणि निघताना जवळजवळ उभीच राहते. पाणी थोपटण्यात, उचलण्यात जोर वाया जात नाही. झिजतात त्या सांध्यांतल्या पिना आणि बुश, कारण पाण्यात वंगण टिकत नाही आणि गाळ घासतो. ओंडका अडकला तर लाकडी फळी मोडते, पण आरा वाचतो. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

ही नदी आपल्या गोदावरीसारखी एकाच दिशेने वाहत नाही. समुद्राची भरती वरच्या टॉटनेस गावापर्यंत चढते, म्हणून सुटायची वेळ रोज वेगळी. मी आदल्या दिवशी बघून ठेवीन.

एक मात्र लक्षात ठेवा. धक्का जवळ आला की उठून कडेला जाऊ नका. दोन्ही चाकं एकाच आसावर आहेत. सगळे एकीकडे गेले की तिकडचं चाक खोल बुडतं, दुसरं वर येतं आणि बोट भलतीकडे ओढते. धक्क्याशी वेग कमी असतो, सुकाणूवर पाण्याचा जोर नसतो, तेव्हा सावरणं कठीण. मध्ये, इंजिनाजवळ बसा. तिथे ऊब असते, आणि बाबा, चाकांचा आस फिरवणारा क्रँक फिरताना वरूनच दिसतो, शिडी उतरायला नको.

आई, स्वेटर घे. नदीवर वारा असतो.

तुमची,
मनू