शिकारीचा कोटा ठरवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या हिंस्र प्राण्यांच्या शिकारीला परवानगी द्यावी का, हा वाद जगात जिथे जिथे निघतो तिथे थोड्याच दिवसांत त्याला शहर विरुद्ध गाव असे रूप येते. परवान्याने नेमका कोणता प्राणी मारला जाणार आणि ज्याची जनावरे गेली त्याच्या पदरात काय पडणार, या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र कोणी मागत नाही.

युरोपचे उदाहरण ताजे आहे. डिसेंबर 2024मध्ये युरोपातील वन्यजीवांच्या संरक्षणासाठीच्या बर्न कराराच्या स्थायी समितीने लांडग्याच्या संरक्षणाची पायरी एकाने खाली आणली आणि 2025मध्ये युरोपीय संघानेही आपल्या कायद्यात तसाच बदल केला. युरोपीय आयोगाच्या 2023च्या अहवालानुसार संघात सुमारे 20 हजार लांडगे असून त्यांच्याकडून वर्षाला किमान 65 हजार पाळीव जनावरे मारली जातात. मेंढ्यांपुरते पाहिले तर हे प्रमाण एकूण मेंढ्यांच्या 0.065 टक्के भरते. हा आकडा पुढे करून नुकसान नगण्य असल्याचे सांगितले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. सरासरी कोणाच्याच कळपावर हल्ला करत नाही. लांडग्यांच्या वावराच्या प्रदेशात, डोंगरातल्या उघड्या कुरणांवर मेंढ्या राखणाऱ्या थोड्या कुटुंबांवर हे सारे नुकसान येऊन पडते आणि त्याच्या जोडीला रात्रीची जाग, कुंपणाचा खर्च, रखवालीच्या कुत्र्यांचा सांभाळ हेही त्यांनाच सोसावे लागते. त्यांचा राग खराच आहे.

पण सरसकट कोट्याने तो राग शमत नाही, कारण कोटा संख्या मोजतो आणि मेंढपाळाचे भांडण असते त्याच्या कळपावर येणाऱ्या विशिष्ट प्राण्याशी. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात फेब्रुवारी 2021मध्ये, लांडग्यांच्या विणीच्या हंगामात, शिकार खुली झाली तेव्हा परवानाधारकांसाठी 119चा कोटा होता. तीन दिवस पुरे होण्याआधीच 218 लांडगे मारले गेले. त्यांतल्या किती लांडग्यांनी कधी कोणाच्या गोठ्याकडे पाहिले होते, याची विचारणा परवाना देताना झालेलीच नव्हती. तिथल्याच वॉशिंग्टन राज्यातील प्यूमांच्या, म्हणजे मार्जारकुळातील मोठ्या शिकारी प्राण्यांच्या, अभ्यासातून तर उलटाच परिणाम पुढे आला. शिकार वाढवल्यावर हद्द राखून असलेले प्रौढ नर मारले गेले, त्यांच्या रिकाम्या हद्दीत बाहेरचे तरुण नर आले आणि लोकांच्या तक्रारी अपेक्षेप्रमाणे घटल्या नाहीत. तेथे पुढे एका विभागातील 12 ते 16 टक्क्यांहून अधिक प्यूमा मारले जाऊ नयेत अशी मर्यादा आखली गेली. सिंहांच्या बाबतीत कळपाचा नर मारला की नवा नर जुन्याचे छावे मारतो, म्हणजे एका गोळीने अनेक जीव जातात. टांझानियात सहा वर्षांखालील सिंहाच्या शिकारीला मनाई करण्यामागे हेच कारण आहे.

आपल्याकडील 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या बाबतीत योग्य भेद केला आहे, असे मला वाटते. त्याच्या कलम 11नुसार वाघ-बिबट्यासारखा प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाला कारणे नोंदवून लेखी परवानगी देता येते. परवानगी त्या प्राण्यापुरती असते, जातीविरुद्ध नसते.

मात्र नुसत्या बंदीनेही गावाचे भले होत नाही. केनियात खेळ म्हणून होणारी शिकार 1977पासून बंद आहे, तरी गुरे गमावलेल्यांनी मेलेल्या जनावरात कीटकनाशक घालून सिंह मारल्याचे प्रकार तेथे घडले आहेत. ते मांस खाऊन गिधाडे आणि तरसही मेले. नुकसान एकट्याने सोसायचे आणि दाद कुठेच लागायची नाही, असे झाले की माणूस विषाकडे वळतो. स्वीडनने 1996पासून वेगळी वाट धरली. रेनडियर पाळणाऱ्या सामी या उत्तरेकडील आदिवासी समूहांना तेथे मेलेल्या जनावरांचा हिशेब न मागता, त्यांच्या क्षेत्रात लिंक्स (रानमांजराची एक मोठी जात) आणि वुल्व्हरीन (अस्वलासारखा दिसणारा लहान शिकारी प्राणी) यांची जितकी वीण नोंदली जाईल त्यानुसार पैसे मिळतात. त्यामुळे मृत जनावर शोधून ते कोणी मारले हे सिद्ध करण्याचा त्रास वाचतो आणि प्राणी जिवंत राहण्यात त्या लोकांचाही लाभ असतो. नामिबियात 1996च्या कायद्यानंतर स्थानिक समूहांना वन्यजीवांवर हक्क मिळाले आणि शिकारीच्या परवान्यांचे उत्पन्नही त्यांच्याकडे येऊ लागले. शिकारीच्या अशा उत्पन्नाबद्दल माझ्या मनात संकोच आहे, परंतु झळ सोसणाऱ्यालाच वाटा मिळावा हे त्यामागचे तत्त्व मला नाकारता येत नाही.

म्हणून जे सरकार असा कोटा जाहीर करील, त्याने परवान्यांच्या आकड्यासोबत त्याच भागातील हल्ल्यांच्या नोंदी, दिलेली आणि थकलेली भरपाई आणि कुंपण व राखणीसाठी केलेला खर्चही जाहीर करावा. भरपाई थकलेली असेल, तर ती चुकती होईपर्यंत एकही परवाना देऊ नये.

आपला,
एक वाचक