बिबट्याच्या अफवेची शहानिशा अशी करावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकला बिबट्या नवा नाही. दारणा नदीच्या खोऱ्यात आणि निफाड-सिन्नरच्या उसात तो राहतो, अधूनमधून शहरातही शिरतो. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडच्या सावरकरनगरात तो आला तेव्हा माणसे जखमी झाली होती. त्यामुळे ‘आमच्या कॉलनीत बिबट्या’ हा संदेश हसण्यावारी नेणे धोक्याचे, आणि न तपासता पुढे ढकलणेही तितकेच धोक्याचे. खोट्या निरोपामागे वनखात्याची माणसे फिरत राहिली, तर खऱ्या ठिकाणी पोहोचायला उशीर होतो.

शहानिशेत सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे पायाचा ठसा. तो दिवसाउजेडी, बागेच्या ओल्या मातीत, बांधावर किंवा नाल्याच्या काठी शोधावा. बिबट्याचा ठसा जवळपास गोल, ७ ते ९ सेंमी रुंद असतो. पुढे चार बोटे, मागे गादी, आणि गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. चालताना नखे आत ओढलेली असल्याने ती उमटत नाहीत. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांच्या टोचण्या दिसतात आणि ठसा रुंदीपेक्षा लांब असतो. तरसाचीही नखे उमटतात. रानमांजराचा ठसा बिबट्यासारखाच, पण आकाराने निम्मा. गफलत होते ती चिखलात. काळ्या मातीत ठसा पसरून मोठा दिसतो, आणि पाय घसरला तर बिबट्याचीही नखे उमटतात. म्हणून एका ठशावरून निकाल देऊ नये, ओळीने तीन-चार ठसे पाहावेत. फोटो काढताना शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. त्याचा व्यास २७ मिमी, म्हणजे बिबट्याचा ठसा साधारण तीन नाण्यांएवढा रुंद. मोबाइल बरोबर वरून, सरळ धरावा. तिरक्या फोटोत माप चुकते. मग ठशावर घमेले पालथे घालावे आणि १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनला कळवावे. बघ्यांच्या पायांखाली ठसे गेले की पुढची तपासणीच संपते.

सीसीटीव्हीचे चित्रण दाखवले जाते तेव्हा सर्वांत जास्त फसगत होते. रात्री इन्फ्रारेडमध्ये रंग जातो, ठिपके फिकट होतात, आणि कॅमेऱ्याजवळून गेलेले उदमांजरसुद्धा अंगाने दांडगे वाटते. यावर उपाय सोपा आहे. प्राणी जिथून गेला नेमक्या त्याच जागी, सकाळी, मीटरपट्टी उभी धरून त्याच कॅमेऱ्यात पाहावे. बिबट्याची खांद्यापर्यंतची उंची साधारण ६० सेंमी, घरच्या मांजराची २५ च्या आसपास. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की वाद उरत नाही. डीव्हीआरचे, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे घड्याळ मात्र मोबाइलशी ताडून घ्यावे. ते बरेचदा चुकीचे असते आणि त्यावरून भलत्याच रात्रीची गोष्ट पसरते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चित्रफितीवर दुहेरी बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेले’ असे दिसले, तर ती पाठवणाऱ्याने काढलेली नाही, हे नक्की. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी, कारण नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून तारीख-जागेची माहिती गळून जाते. नसेल तर चित्रफीत तीन-चार ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्यावेत आणि गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून चित्र शोधणाऱ्या सोयीत, शोधावेत. गाडीची नंबरप्लेट नाशिकची, म्हणजे एमएच १५ आहे का, दुकानाच्या पाट्या मराठी आहेत का, हेही पाहावे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या फिती येतात. त्या नव्याच असल्याने लेन्समध्ये काही सापडत नाही, आणि ‘जुनी नाही म्हणजे खरी’ असा उलटा निष्कर्ष निघतो. तिथे ठिपके पाहावेत. खऱ्या बिबट्याच्या अंगावरची नक्षी बदलत नाही, अभ्यासक त्याच नक्षीवरून एकेक बिबट्या ओळखतात. बनावट फितीत वळताना ठिपके सरकतात, पाट्यांवरची अक्षरे विरघळल्यासारखी दिसतात.

फितीची सुरुवात आणि शेवट कापला आहे का, हेही विचारावे. अफवा बिबट्याचीच असते असे नाही, आणि ती जीवही घेते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांचा जीव घेतला. त्याच काळात देशात फिरणारी मूल पळवल्याची एक फीत मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधली होती. मूल परत आणून फलक दाखवतात, तो शेवटच कापलेला होता.

पावसाळ्यातल्या गंगापूर धरणाच्या अफवांना तर निव्वळ आकडेच उघडे पाडतात. विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) मोजतात, साठा टीएमसीमध्ये (अब्ज घनफूट). या धरणाचा पूर्ण साठाच साडेपाच टीएमसीच्या थोडा वर आहे. ‘दहा हजार टीएमसी सोडले’ असा संदेश दिसला की तो तिथेच थांबवावा.

संपादक महाशय, एक मागणी थेट वृत्तपत्रांकडे आहे. बातमीसोबत बिबट्याचा जुना फोटो छापून खाली ‘संग्रहित छायाचित्र’ लिहिले जाते. कोणी त्याचा फोटो काढतो, ती ओळ कापतो आणि तोच बिबट्या त्या संध्याकाळी पाथर्डी फाट्यावर, दुसऱ्या दिवशी सातपूरला दिसू लागतो. फोटोच्या आतच, कापता येणार नाही अशा जागी, ठिकाण आणि वर्ष छापावे. आणि ‘बिबट्या दिसला’ ही बातमी ज्या पानावर आली, त्याच पानावर वनखात्याच्या पाहणीत काय आढळले, ठसे मिळाले की नाही, तेही दोन दिवसांत द्यावे.

आपला,
एक वाचक, नाशिक