परवा फोनवर राहिलेलं बोलणं

प्रिय बाळा,

परवा तू म्हणालीस की बाबा, बोलायचा हक्क सगळ्यांना असतो ना, मग जवानांच्या अंत्यविधीला येणाऱ्या निदर्शकांना मध्ये उभं राहून असं झाकून टाकणं चूकच नाही का. या विषयावर माझा आवाज चढतो तुला माहितीये, म्हणून लिहितोय.

तू शिकतेयस त्या टेक्ससमधल्या कॉलेज स्टेशन शहराचीच गोष्ट घे, जुलै २०१२ ची. तुमच्याच टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीचा माजी विद्यार्थी, आर्मीत लेफ्टनंट कर्नल, त्याचा अंत्यविधी तिथल्या चर्चमध्ये होता आणि कॅन्ससच्या टोपेकामधल्या वेस्टबोरो बाप्टिस्ट चर्चवाल्यांनी तिथे येणार म्हणून जाहीर केलेलं. चर्च म्हणायचं, पण बहुतेक सगळी त्याचा पाद्री फ्रेड फेल्प्स याच्या घरातलीच माणसं. २००५ पासून हे लोक जवानांच्या अंत्यविधीला जाऊन बोर्ड धरायचे, 'मेलेल्या सैनिकांबद्दल देवाचे आभार'. का तर अमेरिका समलिंगी लोकांना स्वीकारते म्हणून देव शिक्षा देतोय म्हणे. गेलेल्या पोराचा त्याच्याशी काय संबंध?? काही नाही.

तर तुमच्या युनिव्हर्सिटीची शेकडो मुलं आणि जुने विद्यार्थी मरून रंगाचे टीशर्ट घालून, हातात हात अडकवून चर्चभोवती उभे राहिले, टेक्ससच्या जुलैच्या उन्हात. निदर्शक त्या दिवशी फिरकलेच नाहीत.

आता हक्काचं. एका मरीन जवानाच्या वडिलांनी फेल्प्सवर केस केली होती, ज्युरीने भरपाईही दिली, पण २ मार्च २०११ ला सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ ने निकाल दिला की रस्त्याकडेला उभं राहून सार्वजनिक विषयावर बोलले म्हणून भरपाई मागता येणार नाही. मला तो निकाल पटायला खूप जड गेला, पण सरकारला कुणाचं तोंड बंद करायची पॉवर दिली की ती उद्या कुणावर वापरतील सांगता येत नाही, हे मलाही कळतं. पुढे २०१२ मध्ये ओबामांनी सही केलेल्या कायद्याने लष्करी अंत्यविधीपासून ३०० फूट लांब आणि आधी-नंतर दोन दोन तास असं अंतर घातलं, तरी बोर्ड लांबून दिसतोच ना. तिथेच माणसं लागतात. पॅट्रियट गार्ड रायडर्स म्हणून बाइकवाले आहेत, २००५ मध्ये कॅन्ससमध्येच सुरू झाले, ते घरच्यांनी बोलावलं तरच जातात, मोठे झेंडे धरून मध्ये उभे राहतात, निदर्शकांशी वाद घालत नाहीत की अंगावर जात नाहीत. यात कुणाचा हक्क गेला सांग? निदर्शकांनी बोलावं की, पण गेलेल्या जवानाच्या आईने ते बघितलंच पाहिजे असा हक्क कुठल्या कोर्टाने दिलेला नाही.

सर्व्हिसमध्ये असताना मी तिरंग्यातली पेटी घेऊन गावोगावी गेलोय. एक गोष्ट कायम बघितली, आई पेटीकडे फार वेळ बघू शकत नाही, ती जमलेल्या माणसांचे चेहरे बघत राहते, कोण कोण आलंय माझ्या लेकासाठी. आपल्याकडे पंचक्रोशी लोटते, पोरं झाडावर चढून बसतात, त्यामुळे तिला जिकडे बघेल तिकडे आपलंच माणूस दिसतं. तिकडे त्या नजरेच्या वाटेवर कुणी तो बोर्ड धरणार असेल तर मध्ये उभं राहणं एवढंच बाकीच्यांच्या हातात असतं, आणि ती मुलं तेवढंच करत होती गं.

तुझ्या तिथे परत असं काही झालं आणि घरच्यांची हरकत नसेल तर जाशील का? पाण्याची बाटली घे, टोपी घाल, आणि कुणी कितीही डिवचलं तरी उलट बोलू नकोस. रविवारी फोन कर, आईलाही बोलायचंय.

तुझे बाबा