मुलींना स्वतःचा रंग निवडू द्या

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की आमच्याकडे शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांची तयारी सुरू होते आणि ती आटोपते न आटोपते तोच लग्नसराई दाराशी येते. या दोन्ही निमित्तांनी कोणत्या मुलीने काय घालावे, कोणता रंग कोणाला उठून दिसतो आणि कोणाला ‘मारतो’, याची चर्चा घराघरांत होते. ज्या मुलीच्या कपड्यांची ही चर्चा असते, तिला मात्र पुष्कळदा कोणी विचारतच नाही. परभणी जिल्ह्यातील वेगवेगळ्या शाळांत ३१ वर्षे चित्रकला शिकवून मी निवृत्त झाले. या काळात मला एक गोष्ट पक्की कळली, ती अशी की, जी मुलगी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला आणि स्वतःच्या मनाने रंग निवडायला शिकते, तिच्या बोलण्या-चालण्यात वेगळे बळ येते. हे शिकवण्याची जागा आपल्या शाळांत आजही आहे, फक्त आपण ती वापरत नाही. त्याविषयी आपल्या वाचकांपुढे थोडे सविस्तर मांडू इच्छिते.

तेलखडूच्या पेटीत फिकट गुलाबीसर असा एक खडू असतो. मुले त्याला ‘स्किन कलर’ म्हणतात. सहावीच्या वर्गाला ‘माझे कुटुंब’ हा विषय दिला की पाचच मिनिटांत ओरड सुरू व्हायची, “बाई, माझा स्किन कलर संपलाय, तिचा घेऊ का?” साठ मुलांच्या वर्गात तो खडू हातोहात फिरायचा आणि तासाच्या शेवटी माझ्या टेबलावर साठ कुटुंबे जमायची, सगळी गुलाबी. दिवसभर उन्हात कापूस वेचणारी माय गुलाबी, ऊसतोडीला गेलेला बाप गुलाबी आणि चित्र काढणारी मुलगीही गुलाबी. सुरुवातीची कित्येक वर्षे मीही त्या चित्रांवर बरोबरची खूण करून मोकळी झाले, याची मला आज खंत वाटते.

एका वर्षी मी तो खडू सगळ्यांकडून काढून घेतला आणि जलरंग दिले. पांढऱ्या कागदाच्या कडेला आपले मनगट ठेवायचे आणि मनगटाशी जुळेल असा रंग थाळीत कालवायचा, एवढेच काम. तपकिरी, थोडा पिवळा, नखभर तांबडा, कोणाला निळ्याचा एखादा थेंब. तासभर वर्गात फारसे कोणी बोलले नाही. मागच्या बाकावर एक मुलगी बसायची, जिला सारा वर्ग ‘काळी’ म्हणून हाक मारत असे आणि जी त्या हाकेला ओ देत असे. तिने रंग चार वेळा कालवला. आधी तो फिका झाला, मग मातकट, मग फारच गडद. चौथ्या खेपेला तिने ब्रशचे टोक मनगटावरच टेकवून पाहिले आणि तो ठिपका कातडीत दिसेनासा झाला. “बाई, ह्यात तर लाल बी हाय की ओ,” ती म्हणाली. चित्रातल्या मायला तिने हळदी रंगाचे लुगडे नेसवले, कारण त्या तपकिरीशेजारी हळदी रंग ठेवला की दोन्ही उजळतात, हे तिने आपल्याच हाताने कागदावर पाहिले होते. घरी तिला पिवळा, केशरी असे रंग कधी घेत नसत. ‘आपल्या रंगाला ते खुलत नाहीत’ हे वाक्य तिला पाठ होते. त्या संक्रांतीला ती हळदी रंगाच्या परकर-पोलक्यात शाळेत आली, मायशी चार दिवस हुज्जत घालून. शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहून तिने मला “शोभतंय का?” असे विचारले नाही. तिने विचारले, “बाई, जमलंय ना?” हा प्रश्न चित्र काढणाऱ्याचा आहे. इतरांना मी कशी दिसते यापेक्षा मी जे ठरवले ते साधले की नाही, याची काळजी त्यात आहे. आत्मविश्वास म्हणतात तो मला त्या दिवशी त्या दारात दिसला.

याच्या अगदी उलट अनुभवही मला सांगितला पाहिजे. मी जिथे काम केले त्यांपैकी एका शाळेत स्नेहसंमेलनाला पाहुण्यांच्या स्वागतासाठी ओवाळायला मुली निवडल्या जात. निवडीची कसोटी कोणी उघड बोलून दाखवत नसे, परंतु दरवर्षी उजळ रंगाच्या मुलीच पुढे असत आणि बाकीच्या मुली खुर्च्या मांडायला, सडा-रांगोळी करायला. सगळ्यांना एकाच दुकानातून एकसारख्या नऊवारी भाड्याने आणण्याची सक्ती होती. ज्या मुलीच्या घरी आजीचे चांगले इरकली लुगडे पडून होते, तिनेही भाडे भरून चमकीच्या काठाची साडी आणायची. मी हे पाहत होते आणि गप्प होते. मुली मात्र हे सगळे टिपून ठेवतात. वीस वर्षांनी भेटलेली एक विद्यार्थिनी मला म्हणाली की त्या स्नेहसंमेलनापासून तिने फोटोत पुढे उभे राहणे सोडले.

पेहराव ही क्षुल्लक बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी महाडचा इतिहास आठवावा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले आणि ज्या खुणांवरून तुमची जात ओळखली जाते, ती लुगडे नेसण्याची पद्धत आणि ते जड दागिने सोडून द्या, असे त्यांना सांगितले. तिथल्या अनेक स्त्रियांनी नेसण्याची पद्धत लगेच बदललीही. पाण्याच्या हक्काच्या लढ्यात नेसण्याचा विषय बाबासाहेबांनी बाजूला ठेवला नाही, कारण अंगावरचे वस्त्र माणसाची पायरी कशी ठरवते हे ते जाणून होते. पुढे १९५० मध्ये त्यांनी आपल्या मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालय सुरू केले, आणि खेड्यापाड्यांतून तिथे आलेल्या पोरांनी शिक्षणाबरोबर ताठ मानेने वावरण्याचा धडाही घेतला. तेव्हा आपला पेहराव आपण ठरवणे हा विषय मराठवाड्याला नवा नाही आणि हलकाही नाही.

एक आक्षेप मी वारंवार ऐकला आहे. जिथे दर दोन-चार वर्षांनी पाऊस दगा देतो, प्यायला टँकरचे पाणी आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज, तिथे रंगसंगतीच्या गप्पा कशाला? आक्षेप घेणाऱ्यांच्या कळकळीविषयी मला शंका नाही. पण त्यांनी एकदा आपल्याच घरातली वाकळ उलगडून पाहावी. फाटलेली लुगडी, धोतरे, पोरांचे झंपर अशा चिंध्यांतून बाई वाकळ शिवते, तेव्हा तिने विकत आणलेला असतो तो फक्त दोरा. तरीही कोणता तुकडा मधोमध घ्यायचा, हिरव्याशेजारी जांभळा बसेल की नाही, चौकटीला लाल पट्टी फिरवायची की काळी, कोपऱ्यावर त्रिकोणी तुकड्याचे फूल बसवायचे का, हे ती ठरवते. अंगणात पसरून दोन पावले मागे जाऊन बघते आणि एखादा तुकडा उसवून पुन्हा बसवते. धावदोऱ्याच्या तिच्या ओळी शेजारणीच्या ओळींसारख्या नसतात. गल्लीतली कोणतीही जाणती बाई वाकळ पाहून ती कोणाच्या हातची आहे ते सांगते. दुष्काळी मुलखातल्या गरीब घरातच ही नजर टिकून राहिली आहे. शाळेने त्या नजरेविषयी मुलीला ‘ही कला आहे’ असे एकदा सांगायचे, एवढेच काय ते बाकी आहे.

आमच्या मातीत या नजरेचे पुरावे किती ठिकाणी आहेत! सोयगाव तालुक्यातल्या अजिंठ्याच्या लेण्यांत मी मुलांना घेऊन जात असे. १७ क्रमांकाच्या लेण्यात हातात आरसा घेऊन शृंगार करणारी राजस्त्री आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारांनी सावळ्या, गव्हाळ, तांबूस अशा नाना वर्णांची माणसे शेजारी शेजारी रंगवली आणि कोणालाही वर्णामुळे मागे ढकलले नाही. मी मुलींना सांगायची, आत फक्त केसांच्या रचना बघा. बाहेर आल्यावर वाघूर नदीकडेच्या झाडाखाली बसून त्या आठवून काढायच्या. कोणी सैल अंबाडा काढी, कोणी फुले माळलेला, कोणी कपाळावर उतरलेल्या बटा. परतीच्या गाडीत निम्म्या मुलींच्या वेण्या सुटलेल्या असत आणि एकमेकींच्या केसांवर प्रयोग चाललेले असत. कोणाचीही रचना दुसरीसारखी नसे, आणि त्याबद्दल कोणालाही चुकल्यासारखे वाटत नसे.

पैठणीचेही तेच. हातमागावर पदर विणताना विणकर प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली, म्हणजे दोरा गुंडाळलेली छोटी कांडी, वापरतो आणि पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ उतरवतो. एकच मोर दहा माग विणतात, पण मोराच्या गळ्याला कोणता निळा द्यायचा यात हात ओळखू येतो. ज्यांचे नाव हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीशी जोडलेले आहे, ते संत नामदेव शिंपीच होते आणि गज-कात्री या आपल्या धंद्यातल्या वस्तूंतूनच त्यांनी भक्तीची भाषा घडवली. स्वतःच्या हाताखालच्या गोष्टींतून आपले म्हणणे शोधायचे, ही शिकवण आमच्या इतकी जवळ आहे. आणि तरीही आज शिवणकाम करणाऱ्या बाईपुढे मोबाइल धरून “हुबेहूब असंच पाहिजे, सेम टू सेम” असे सांगणारीच गिऱ्हाइके जास्त असतात. मोबाइलमधल्या फोटोशी माझे भांडण नाही. फोटो पाहावा, आवडलेले घ्यावेही. पण गळा तिचा, बाही आपली, काठ आजीच्या लुगड्याचा, असे काहीतरी स्वतःचे त्यात पडू द्यावे.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याला गेलेल्या आमच्या मुलींची गोष्ट वेगळीच आहे. ‘करायलीस’, ‘येऊलाव’ अशा त्यांच्या बोलीला तिथे हसतात, मग कपड्यांनाही गावठी म्हणतात, आणि सहा महिन्यांत मुलगी बोलणेही आखडते नि रंगही. माझ्या ओळखीतली अशीच एक मुलगी दोन वर्षे फक्त राखाडी आणि काळे घालत होती, कोणाच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून. सुटीत घरी आल्यावर तिने आजीच्या विरलेल्या इरकलीचा शाबूत राहिलेला लाल पदर काढला आणि त्याचे साधे, उभ्या गळ्याचे जाकीट शिवून घेतले. खाली तिची तीच राखाडी पँट. ते तिने गावी मिरवण्यासाठी शिवले नव्हते. पुण्यातल्या अभ्यासिकेत घालण्यासाठी शिवले होते. पहिल्याच दिवशी दोघींनी तिला ते कुठे मिळते असे विचारले आणि तिने सांगितले, “माझ्या आजीचं हाय.” ‘हाय’ तसाच ठेवून सांगितले, हे तिने मला आवर्जून कळवले.

आता शाळांविषयी. दहावीच्या वर्षी चित्रकलेचा तास गणित-विज्ञानाला देऊन टाकण्याची रीत आता आठवीपर्यंत खाली उतरली आहे. शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, मुले मोठ्या संख्येने बसतात, कारण त्यातून दहावीला वाढीव गुण मिळतात. परंतु त्यातल्या संकल्पचित्राची, म्हणजे जिथे मुलाने स्वतःचे डोके चालवायचे त्या विषयाचीच, तयारी गाइडमधली पाच तयार नक्षीकामे घोटून केली जाते. तांड्यावरून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने आजीच्या फेटियावरच्या, म्हणजे बंजारा घागऱ्यावरच्या, आरसे-कवड्यांच्या मांडणीवरून संकल्पचित्र रचले होते, तेव्हा “परीक्षेत असले काही काढू नकोस” असा सल्ला त्याला मिळाला. त्याने ते काढले आणि त्याला वरची श्रेणी मिळाली. पण सल्ला ऐकून गाइडकडे वळलेली किती मुले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

माझी मुख्याध्यापकांना आणि पालकांना विनंती आहे की चित्रकलेचा ठरलेला तास चित्रकलेलाच राहू द्यावा आणि त्या तासाला मुलांनी घरातली एक तरी वस्तू आणावी, मग ती वाकळ असो, खणाची चोळी असो की घोंगडीचा तुकडा. येत्या स्नेहसंमेलनात भाड्याच्या एकसारख्या साड्यांची सक्ती करू नये. ज्या मुलीला नऊवारी नेसायची तिने नेसावी, जिला पंजाबी ड्रेस किंवा पँट घालायची तिने ती घालावी. परंपरेचीही बळजबरी नको. पाहुण्यांना ओवाळायला चिठ्ठ्या टाकून मुली निवडाव्यात, मग आरतीचे ताट कोणाच्याही हाती येऊ द्या. आणि घरी आलेल्या पाहुण्यांनी मुलीच्या तोंडावर “हा रंग नको गं तुला” म्हणणे थांबवावे.

आपल्या वृत्तपत्राच्या मुलांच्या पानावर रंगवण्यासाठी आयती चित्रे छापून येतात. त्यांच्याऐवजी एखाद्या आठवड्यात नुसती रिकामी चौकट छापून ‘तुमच्या घरातली नक्षी इथे काढा’ असे आवाहन आपण केले, तर आलेली चित्रे निवडायला मी विनामोबदला येईन. मी काढून घेतलेले ते साठ गुलाबी खडू अजून माझ्या कपाटात एका डब्यात आहेत, तेही सोबत घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
सेलू, जि. परभणी