शून्य क्षेत्रापाशी दिसणारे टोक

प्रिय विनय,

तुझा आलेख मिळाला. शून्य चुंबकीय क्षेत्रापाशी विद्युत रोधाचे जे टोक दिसते, ते उपकरणाचा दोष समजून पुसू नकोस रे! मला त्या आलेखात तेच सर्वांत मोलाचे वाटते.

क्षेत्र वाढवल्यावर रोध उतरतो कसा, ही तुझी शंका रास्त आहे. शुद्ध धातूत क्षेत्र वाढले की रोध वाढतो. पण तुझा धातूचा थर पातळ, अणूंची मांडणी विस्कटलेली, आणि तापमान काही केल्विन, म्हणजे अतिशीत. इलेक्ट्रॉन अशुद्धींवर आपटत भटकतो आणि कधीकधी निघाला तिथेच परततो. हा वेढा तो तरंगरूपाने उजवीकडूनही घेतो, डावीकडूनही. दोन्ही वाटांची लांबी तीच, टकरी त्याच, म्हणून दोन्ही तरंग एकाच कलेत, म्हणजे शिखराला शिखर जुळवून, भेटतात आणि परतण्याची शक्यता दुप्पट होते. जो सारखा मागे येतो तो पुढे कसा जाणार? म्हणून रोध चढतो. अशुद्धी जागच्या हलत नाहीत, त्यामुळे कला टिकते. ती बिघडवते उष्णता.

क्षेत्र लावले की दोन दिशांच्या कला उलट सरकतात, मेळ मोडतो, रोध उतरतो. मोठे वेढे आधी मोडतात. कला एक मायक्रोमीटर अंतरापर्यंत टिकत असेल, तर एखाद्या मिलिटेस्लाचे क्षेत्रही पुरते. म्हणजे टोकाच्या रुंदीवरून इलेक्ट्रॉन कुठवर कला राखतो ते मोजता येते. किती सुंदर मोजपट्टी आहे ही!

१९८१ मध्ये शार्विन आणि शार्विन या भौतिकशास्त्रज्ञांनी मॅग्नेशियमच्या सूक्ष्म पोकळ नळीत अक्षाच्या दिशेने क्षेत्र वाढवत नेले, तर रोध लयीत वरखाली झाला. नळीतून जाणाऱ्या चुंबकीय अभिवाहात (क्षेत्र गुणिले छेदाचे क्षेत्रफळ) मोजले तर आवर्तन होते h/२e; h हा प्लँकचा स्थिरांक, e हा इलेक्ट्रॉनचा प्रभार. हा दोनाचा आकडा अतिवाहकातल्या, म्हणजे रोधच नसलेल्या पदार्थातल्या, इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांमुळे ओळखीचा, पण इथे अतिवाहकता नाहीच. तो आला दोन उलट फेऱ्यांतून.

भौतिकशास्त्रज्ञ बर्गमन यांचा प्रयोग तर मला फारच आवडतो. मॅग्नेशियमच्या थरावर किंचित सोने चढवले आणि वक्र उलटा झाला! सोन्याच्या जड अणूंपाशी इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याची अंगभूत फिरकी, वळतो. स्पिन पूर्ण एक फेरा फिरला की तरंगाचे चिन्ह बदलते, आणि दोन फेऱ्या एकमेकींना खोडू लागतात. मग क्षेत्राने रोध वाढतो.

तू आता एवढे कर. शून्याच्या दोन्ही बाजूंनी क्षेत्र अगदी हळू वाढव, नाहीतर टोक निसटेल. मग तीन-चार तापमानांना मोजून पाहा. तापमानाबरोबर टोक रुंद आणि बुटके होत गेले, तर माझा अंदाज बरोबर आहे. नवे आलेख लगेच पाठव.

तुझा,
श्रीरंग