आभाळाच्या रंगकामाचा मेंटेनन्स

संपादक महोदय,

ऊन परतवून पृथ्वी थंड ठेवण्याच्या योजनांवर हल्ली बरेच छापून येते, आणि ‘खर्च तसा किरकोळ’ हे वाक्य त्यात हमखास असते. नेरूळच्या आमच्या सोसायटीचा मी नऊ वर्षे खजिनदार होतो. किरकोळ म्हटले की मी आधी पुढचे बिल शोधतो.

आमच्या गच्चीला उन्हासाठी पांढरा रंग मारला. वरच्या मजल्यावरचे खूश. पण एकाच पावसाळ्यात शेवाळ धरले, दिवाळीपर्यंत गच्ची काळवंडली. तेव्हापासून दर मार्चला रंगकाम ठरलेले. एका वर्षी पैशांअभावी टाळले, तर जुना उकाडा परत आला, इतकेच.

आभाळात मात्र ‘इतकेच’ होत नाही. सुमारे २० किलोमीटर उंचीवर विमानांनी सल्फर डायऑक्साइड वायू सोडायचा, त्याचे सूक्ष्म कण ऊन परतवतात. १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीमुळे जगाचे तापमान असेच जवळपास अर्ध्या अंशाने उतरले. दोन-तीन वर्षांत कण खाली आले आणि गारवा सरला. म्हणजे फवारणी वर्षानुवर्षे चालू हवी. मध्येच युद्ध वा मंदी आली आणि विमाने थांबली, तर इतके दिवस दबलेली उष्णता थोड्याच वर्षांत उसळणार.

स्मिथ आणि वॅगनर या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा फवारणीच्या पहिल्या १५ वर्षांसाठी वर्षाला सरासरी २.२५ अब्ज डॉलरचा अंदाज मांडला. हा खर्च कण वर नेऊन सोडण्याचा. पावसाचे काय? पिनाटुबोनंतर १९९२ मध्ये जगभर जमिनीवरचा पाऊस घटला होता. आमचे पाणी मोरबे धरणाचे. पाणीकपात लागली की टँकर केवढ्याला पडतो, हे मी व्हाउचरवर सह्या करून शिकलो आहे. उद्या मान्सून हुकला तर दोष त्या कणांचा की एल निनोचा, हे ठरवणार कोण? भाताच्या खाचरांची भरपाई मागायची कोणाकडे?

(गंमत अशी, की न्हावाशेव्याला लागणाऱ्या जहाजांनाही २०२० पासून इंधनातले गंधक ३.५ ऐवजी ०.५ टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. ते काढायलाही पैसे, आता वर सोडायलाही.)

संशोधनाला माझा विरोध नाही. पण नुकसानीचा रकानाच नसलेला हिशेब मी वार्षिक सभेत मांडला असता, तर सभासदांनी मला तिथेच उभे केले असते. पुढच्या वेळी तो आकडा छापाल तेव्हा शेजारी हा रकानाही छापा, कोरा असेल तर कोरा.

– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई