मावशी, त्या खिळ्यावरच्या पळीबद्दल

तीर्थरूप मावशींस, शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण समोर बसून बोलायला गेले असते तर तुम्ही "गप जेव गो" म्हणून ताटात आणखी एक पोळी टाकली असती. तुमचा चष्मा कधीच जागेवर नसतो, तेव्हा मेसमधलं एखादं पोर मोबाइलवरून वाचून दाखवील. त्या पोराला एकच विनंती: मधले टोमणे गाळू नकोस.

मी गंगाखेडकडची, जनाबाईंच्या गावाजवळची. आजोबा माळकरी, वडील माळकरी, आणि अकराव्या वर्षी माझ्याही गळ्यात तुळशीची माळ आली. घरी असताना त्याचं कधी ओझं वाटलं नाही. ज्वारीची भाकरी, वरण, रानातली भाजी, शेंगदाण्याची चटणी. शाकाहार परवडतो का, असा प्रश्न असतो हेच मला माहीत नव्हतं. तो पडला २०२२ साली, स्पर्धा परीक्षेच्या नादानं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायला आल्यावर. घरून महिन्याला सात हजार यायचे. कॉटचे अडीच, अभ्यासिकेचे बाराशे. उरलेल्या तेहतीसशेत पोट, पुस्तकं, झेरॉक्स आणि फॉर्मची फी.

आमच्या घरमालकांच्या दारावर पाटी होती, 'फक्त शाकाहारींसाठी'. ती वाचून मला केवढं हायसं वाटलं होतं! पण खोलीत गॅस लावायचा नाही, इंडक्शन तर नाहीच, मॅगीचा वास आला तरी जिन्यावर बोलणी. माझ्या मैत्रिणीला मटण खाते म्हणून त्यांनी खोली नाकारली, आणि मी मटण खात नाही तर मी नक्की काय खाते हे तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मग मेस शोधली. पहिल्या मेसचं नाव घेत नाही. तिथं बुधवारी अंडाकरी, रविवारी चिकन. आम्ही न खाणाऱ्यांनी पैसे तेवढेच भरायचे आणि बदल्यात पनीर हवं असेल तर वर तीस रुपये द्यायचे. वरण असं की ताटाचा तळ दिसावा. तेही चालवून घेतलं. पण एका रविवारी माझ्या मटकीच्या उसळीत हाडाचा तुकडा निघाला. रश्श्यातली पळी तशीच उसळीत फिरली होती. मी मालकांना दाखवलं, तर चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "एवढं सोवळं असेल तर घरी जेवायचं." सगळे हसले. मला राग माझाच आला, कारण महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले होते आणि दुसऱ्या दिवशी मला तिथंच जेवायला जावं लागलं.

गंमत म्हणजे तेव्हा मी केंद्र सरकारचा २०१९-२० चा आर्थिक पाहणी अहवाल पाठ करत होते. त्यात 'थालीनॉमिक्स' म्हणून, थाळी किती परवडते याचं प्रकरण आहे. २००६-०७ पासून शाकाहारी थाळी २९ टक्के अधिक परवडू लागली, मांसाहारी १८ टक्के. परीक्षेत आलं तर दोन गुण. मी ते वाक्य पातळ वरणात पोळी बुडवत घोकलंय. महिन्याच्या शेवटी दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीच्या रांगेत उभं राहूनही घोकलंय. (ती थाळी होती म्हणून ते दिवस निघाले, हेही इथं नोंदवून ठेवते.)

व्हायचं तेच झालं. अभ्यासिकेच्या जिन्यात चक्कर आली, हिमोग्लोबिन ८.४ निघालं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि बी-१२ वनस्पतींतून मिळतच नाही म्हणून त्याची इंजेक्शनं. तिथवर ठीक. पण मैत्रिणीच्या आग्रहाखातर एका आहारतज्ज्ञांकडे गेले आणि सहाशे रुपये देऊन एक छापील कागद घेऊन आले. बदाम, अक्रोड, चिया, क्विनोआ, रोज शंभर ग्रॅम पनीर. हिशेब केला तर तो कागद माझ्या कॉटपेक्षा महाग पडत होता. घरी कळल्यावर मामा फोनवर म्हणाले, "माळ ठेव काढून वर्षभर, अंडी खा, पास झाल्यावर घाल परत." वाईट हेतूनं नाही म्हणाले. पण त्या रात्री मी माळेला हात लावून पाहिला, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तुमच्या मेसमध्ये आले ती अशी, अर्धी रडकुंडीला आलेली. तुमच्याकडेही बांगडा, अंडी, सगळंच शिजायचं. ओट्यावर कालवणाचं पातेलं दिसलं आणि मी दारातूनच परत फिरणार होते. तुम्ही माझ्या गळ्याकडे एकदा पाहिलं, पैशाचं विचारलं, मी एक वेळचेच परवडतील म्हटलं, तर "बस" म्हणालात. दुसरं काही नाही. जातपात नाही, गाव नाही, माळ कशाची तेही नाही.

दुसऱ्या दिवशी आले तेव्हा खिडकीशेजारच्या भिंतीत एक नवा खिळा होता. त्यावर एक पळी, दांड्याला तांदळाच्या कट्ट्याचा निळा दोरा तीन वेढे देऊन बांधलेला. मला वाढताना तुम्ही ती काढली, वाढलंत, धुतलीत आणि परत खिळ्याला लावलीत. माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. आठवड्यानं वाढायला असलेल्या पोरानं चुकून ती कालवणाच्या पातेल्यात घालायला उचलली, तेव्हा तुमचा आवाज ऐकला: "ती पळी ठेव. ती पोरीची हाय." एवढंच. कुणी हसलं नाही. पुढं हळदीनं दोऱ्याचा निळा रंग हिरवट झाला, दोरा तुटला की तुम्ही नवा बांधलात, मी मोजलंय, तीनदा.

आणि मग तुम्ही मला खायला शिकवलंत. तुम्ही कुळीथ म्हणायचात, आम्ही हुलगे म्हणतो. आमच्याकडे त्याचं माडगं, तुमच्या मालवणाकडे पिठी. आठवड्यातून दोनदा ती पिठी, वर लसणीची फोडणी. कधी सोयाबीनच्या वड्या, कांद्याखोबऱ्याच्या वाटणात अशा शिजवलेल्या की पोरांनी एकमेकांच्या ताटातून उचलाव्यात. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात हे मी नंतर वाचलं. तुम्ही त्या 'स्वस्त आणि पोटाला धरून राहतात' म्हणून आणायचात. रात्री मंडई उठता उठता तुम्ही पालेभाजीच्या जुड्या पडत्या भावानं घ्यायचात. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे, वाड्यामागच्या शेवग्याची पानं. तुमच्या हातून काही फुकट जायचं नाही. सगळं लोखंडी कढईत. ताटात लिंबाची फोड ठेवायचात आणि जेवल्याबरोबर चहा मागितला की डोळे वटारायचात, "रगत कसं भरंल?" मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची आहार मार्गदर्शिका आली. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, असं तिच्यातही होतं. वाचून मी अभ्यासिकेत एकटीच हसले. सहाशे रुपयांच्या कागदावर चहाचा शब्दही नव्हता.

एकादशी कधी हे मला कॅलेंडर पाहून कळायचं आणि तुम्हाला माझ्या आधी. भगर आणि दाण्याची आमटी तयार. पैसे वेगळे लावले नाहीत.

एक रविवार अजून डोळ्यांसमोर आहे. सगळे जेवून गेल्यावर तुम्ही तुमचा तळलेला बांगडा घेऊन बसलात आणि मला म्हणालात, "तू बस हवं तर तिकडं." मी नाही उठले. तुम्ही काटे काढत होतात, मी ताक पीत होते, आणि दोघी मिळून रेडिओ ऐकत होतो. शाकाहारावर मोठमोठ्यानं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांच्या दारावरच्या पाट्याही पाहिल्या. माझी माळ सांभाळली ती मासे खाणाऱ्या बाईनं. याचा मी खूप विचार केलाय आणि मला अजून नीट मांडता येत नाही. माणुसकीला बहुतेक बोलायला सवडच नसते, ती खिळा ठोकण्यात गुंतलेली असते.

गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन १२.१ आलं. लिपिक-टंकलेखकाच्या यादीत नाव लागलं ते तुम्हाला फोनवर सांगितलंच. रुजू व्हायचा आदेश यायचाय.

एसटीच्या पार्सलनं पाच किलो हुलगे पाठवलेत, आमच्याच शेतातले, निवडून. पिशवीवर वडिलांनी 'हुलगे' लिहिलंय, तुम्ही कुळीथच म्हणा. मागच्या वेळी आले तेव्हा पळीवरचा दोरा परत सैल झालेला दिसला. पिशवीचं तोंड निळ्या दोऱ्यानंच बांधलंय, कात्री लावू नका, सोडून घ्या. लांब ठेवलाय.

तुमची,
खिडकीजवळच्या ताटावरची